दुखेल का, एवढंच सांगा

पहिल्यांदा टॅटू काढायला आलेलं माणूस मला काचेतूनच ओळखू यायचं. ते आधी दुकानावरून पुढे निघून जायचं. मग समोरच्या झेरॉक्सवाल्यापाशी उगीच रेंगाळायचं, माझी पाटी पुन्हा एकदा वाचायचं, आणि अखेर आत आलं की चित्रांचा आल्बम न उघडताच विचारायचं, "दुखेल का?"

माझं उत्तर ठरलेलं असे. "दुखेल. पण बाळंतपणाइतकं नाही आणि दातदुखीइतकंही नाही." पहिल्या अर्ध्या वाक्याने बायकांना धीर यायचा, दुसऱ्या अर्ध्याने पुरुषांना.

मी मूळची मेंदीवाली. लग्न होऊन गिरगावातून वसईला आले. नव्वदच्या त्या काळात इथे शेतांत आणि वाड्यांत इमारती उभ्या राहत होत्या, नवीन माणसं राहायला येत होती आणि त्यांच्या मुलींची लग्नं होत होती. नवरीचे हात कोपरापर्यंत भरता भरता माझ्या बोटांना एक सवय लागली. समोरचा हात थरथरला तरी आपली रेघ हलू द्यायची नाही. पुढे मुंबईतल्या एका कारागिराकडे मी टॅटूचं मशीन शिकले. आधी भोपळ्यावर, मग केळ्याच्या सालीवर आणि शेवटी स्वतःच्या डाव्या मांडीवर. त्या मांडीवर अजूनही काही वाकडी फुलपाखरं आहेत, ती कुणाला दाखवण्यासारखी नाहीत.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेंदी कातडीवर बसते. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थराखाली ठेवायची असते. सुई कमी गेली तर शाई महिन्याभरात फिकट पडते. जास्त गेली तर टीपकागदावर सांडल्यासारखी फुटते. सगळी कला त्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही. बोटांनाच समजावी लागते. अशा वेळी समोरच्याने हात झटकला तर झालंच. म्हणून गिऱ्हाईक शांत असणं ही गरज जेवढी त्याची, तेवढीच माझी.

सगळेच काही घाबरत नसत. नायगावच्या खाडीकडच्या गावातून एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. हातावरचं जुनं गोंदण पुसट झालं होतं, ते उजळून हवं होतं. मी त्यांना कातडी बधिर करायचं क्रीम असतं म्हणून सांगितलं, तर हसून म्हणाल्या, "आमच्या वक्ताला कोन लावतं मलम! बाईनं सुया टोचल्या, हलद लावली, पानी मारलं, झालं. दुखलंच नाय तं गोंदलं कशाला?" आणि सगळा वेळ माझ्या मशीनचा आवाज त्यांच्या गावातल्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा आहे, असं सांगत बसल्या. उलट सातिवलीच्या एका कारखान्यातला पैलवानी अंगाचा तरुण दंडावर वाघ काढायला आला होता. "क्रीम-बिम बायकांना लावा," म्हणाला. वाघाची एक मिशी काढून झाली, तोवर हा खुर्चीतून खाली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना, म्हणून." मी मान हलवली. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी पोटभर खाऊन यायला सांगू लागले.

त्या क्रीमची माहिती मला डॉक्टर लूसींनी दिली. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं छोटं नर्सिंग होम होतं. उंच, करड्या केसांच्या, फटकळ बाई. दुकान सुरू करताना मी त्यांच्याकडे सुया निर्जंतुक कशा ठेवायच्या ते विचारायला गेले होते, तेव्हापासूनची ओळख. त्या म्हणाल्या, "नीला, हे दिसतं कोल्ड क्रीमसारखं, म्हणून लोक फसतात. हे औषध आहे. कातडीतून रक्तात जातं. छोट्या जागेवर लावलं तर गुणी. अंगभर फासलं तर हृदयाशी आणि मेंदूशी खेळ."

मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं आणि मी ते मंत्रासारखं पाळलं. आदल्या दिवशी थेंबभर लावून बघायचं, खाज किंवा चट्टे येतात का ते. दातवाल्याकडे भुलीचं इंजेक्शन घेऊन कधी त्रास झाला होता का, हृदयाचं काही आहे का, फिट येतात का, दिवस गेले आहेत का, हे विचारायचं, आणि यातलं एकही 'हो' आलं तर आधी डॉक्टरकडे पाठवायचं. जेवढं चित्र तेवढ्याच जागेवर लावायचं, तेही कातडी धड असेल तरच. वर प्लास्टिकचा पातळ कागद. तासाभराने सगळं पुसून, धुऊन काढायचं. एकदा सुई फिरली की ती जागा उघडी जखम असते, तिच्यावर पुन्हा क्रीम लावायचं नाही. आणि घरून लावून यायला कुणाला सांगायचं नाही, कारण घरी माणूस किती लावतो ते देवालाच ठाऊक.

तांबेसाहेब माझ्याकडे आले ते दोन हजार सालानंतर, बहुधा चार-पाच वर्षांनी. मुंबईत सरकारी कार्यालयात नोकरी, नायगावला नव्या इमारतीत स्वतःचा फ्लॅट. पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. असा माणूस माझ्या दुकानात एरवी वाट चुकूनच यायचा.

"मला नाही काढायचं," आत येताच त्यांनी खुलासा केला. "मुलीला काढायचं आहे. दुखेल का, एवढंच सांगा."

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. ते हसले नाहीत. किती सुया असतात, किती आत जातात, रक्त येतं का, असं एकेक विचारत राहिले. मी क्रीमचा विषय काढला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"म्हणजे सुई कळणारच नाही?"

"कळेल, पण टोक मोडल्यासारखी. कमी."

"कमी म्हणजे किती?"

मी त्यांना ट्यूब दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली, नाव पुटपुटले आणि परत दिली. त्यानंतरही ते दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा प्रश्न तेच. मला वाटलं, मुलगी फार हळवी असणार.

मग एक दिवस ती मुलगी आली. अनघा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, लहान चणीची, बोलायला चुणचुणीत. तिच्यामागे तांबेसाहेब, अंग चोरून. मी कौतुकाने विचारलं, "तूच का ती, सुईला घाबरणारी?"

ती बापाकडे वळून बघायला लागली. "मी? बाबा, तू काय सांगितलंस यांना?" मग मला म्हणाली, "काकू, मी रोज स्वतःला सुई टोचते. जेवायच्या आधी. सात वर्षांची असल्यापासून मला मधुमेह आहे. इन्सुलिनवाला."

तांबेसाहेबांनी घाईने दुकानाचं दार नीट लोटून घेतलं. दुकानात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं.

तिला टॅटू कशाला हवा, ते तिने सांगितलं. पावसाळ्यात ती मैत्रिणींबरोबर चिंचोटीच्या धबधब्याला गेली होती. येताना वाटेत तिची साखर उतरली. साखर उतरली की तिला घाम सुटतो, हातपाय कापतात, जीभ जड होते आणि ती भलतंच बोलायला लागते. ती रस्त्याच्या कडेला मातीत बसली आणि हसायला लागली. मैत्रिणींना वाटलं, नाटक करतेय. त्यांना काहीच माहीत नव्हतं, कारण घरातून तिला लहानपणापासून सक्त ताकीद होती की हे कुणाला सांगायचं नाही. पुढे लग्नाला आडवं येईल. धबधब्यावरून परतणारी माणसं थांबून बघत होती. एक जण मोठ्याने म्हणाला, "पोरीसुद्धा प्यायला लागल्या." तिला ते ऐकू येत होतं, पण 'साखर' हा शब्द काही केल्या तोंडातून निघत नव्हता.

"तिथे चहाची टपरी होती," अनघा म्हणाली. "टपरीवालीला दया आली. नशा उतरेल म्हणून तिने मला चहा पाजला. गोडमिट्ट. त्यानेच मी वाचले. ती मला दारुडी समजत होती म्हणून वाचले, काकू."

तिने डावा हात टेबलावर उलटा ठेवला आणि मनगटाच्या जरा वर बोट टेकवलं. "इथे लिहायचं. 'मधुमेह. साखर द्या.' ठळक, सुटं, कुणालाही वाचता येईल असं."

"इंग्रजीत लिहा," तांबेसाहेब पटकन म्हणाले. "बारीक अक्षरात. निदान सगळ्यांना कळणार तरी नाही."

"बाबा, सगळ्यांना कळावं म्हणूनच तर लिहितेय."

"आजाराचं नाव लिहिलेला बिल्ला गळ्यात घालतात ना लोक, तसा घाल."

"तो तू मला घराबाहेर पडताना काढून ठेवायला लावशील."

मला तेव्हा कळलं की या गृहस्थांना दुखण्याची जी काळजी आहे ती सुईपुरती नाही. आजवर घराच्या चार भिंतींत जपलेली गोष्ट मुलीच्या हातावर कायमची उमटणार होती, आणि ती पुसायला कसलंच रबर नव्हतं.

मी अनघाला सांगितलं, मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो, तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी मशीन हातात घेणार नाही. ती तिच्या डॉक्टरांना भेटून आली. साखर आटोक्यात होती, परवानगी मिळाली. डॉक्टर लूसींनाही मी विचारून घेतलं. क्रीमचा थेंब तिच्या हातावर लावून पाहिला, काही झालं नाही. खरं तर तिला क्रीम नकोच होतं. पण तांबेसाहेब म्हणाले, "क्रीम लावायचंच." त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने वाद घातला नाही. रविवार ठरला.

उन्हाळ्याचे दिवस. दुपार तापलेली. दोघं रिक्षातून उतरली तेव्हा मला पहिली गोष्ट खटकली ती ही की एवढ्या उकाड्यात तांबेसाहेबांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. दुसरी म्हणजे त्यांची चाल. पाय टाकण्याआधी जमीन चाचपल्यासारखी.

"बसा," मी म्हटलं. ते खुर्चीवर बसले, पण कडेला. कपाळावर घाम होता. त्यांनी जीभ दोनदा ओठांवरून फिरवली आणि म्हणाले, "तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव येतेय." ते शब्द त्यांच्या तोंडातून ओले, लडबडत आले. मग त्यांनी कानावर हात ठेवला. "ही शिट्टी कसली वाजतेय?"

शिट्टी कुठेच वाजत नव्हती.

अनघा माझ्याआधी उठली. तिने बापाची हनुवटी धरून चेहरा वर केला. "बाबा, माझ्याकडे बघ. जेवलास ना? कसली गोळी घेतलीस? ओठ असे का दिसतायत तुझे?" ओठांना निळसर झाक आली होती आणि एका कोपऱ्यात बारीक फडफड चालली होती. "काकू, हे साखरेसारखं दिसतंय, पण साखर नाही. बाबाला मधुमेह नाही."

माझं लक्ष पुन्हा त्या बाह्यांकडे गेलं. मी त्यांच्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. आत, मनगटापासून पार वर दंडापर्यंत, पॉलिथिनच्या पिशव्या कापून गुंडाळल्या होत्या. खाली पांढऱ्या क्रीमचा जाड थर. घामाने आणि उकाड्याने तो पातळ होऊन ओघळत होता. दुसरा हातही तसाच.

"हे कधी लावलंत?"

"सकाळी," ते म्हणाले. "आधी मी... मी काढून बघणार होतो. तिच्याआधी. कुठल्या हातावर ते ठरत नव्हतं."

मी पॉलिथिन ओरबाडून काढलं. अनघाने ओला टॉवेल घेऊन क्रीम निपटायला सुरुवात केली, वरून खाली, भराभर. मग आम्ही दोघींनी त्यांना धरून मोरीशी नेलं आणि साबणाने दोन्ही हात धुतले. ती सगळा वेळ त्यांच्याशी बोलत होती. "बाबा, झोपायचं नाही. माझं नाव सांग. आईचं नाव सांग. किती ट्यूबा आणल्यास? रिकाम्या कुठेत?" रिकाम्या ट्यूबा त्यांच्या पँटच्या खिशात निघाल्या. वेगवेगळ्या औषधवाल्यांकडून घेतलेल्या. तिने त्या मुठीत घेतल्या. "डॉक्टरांना दाखवायला लागतील." मी दुकान तसंच उघडं टाकलं, दारातल्या रिक्षात त्यांना मधे बसवलं आणि गल्लीच्या टोकाला नेलं.

त्या दोन मिनिटांच्या वाटेवर त्यांचा हात माझ्या हातात आखडल्यासारखा झाला, तेव्हा मी घाबरले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकं रडताना पाहिली, भोवळ येऊन पडताना पाहिली. पण माणूस हातातून निसटतोय असं त्या एकदाच वाटलं.

डॉक्टर लूसींनी ट्यूबा पाहिल्या आणि एकही प्रश्न न विचारता त्यांना आत घेतलं. प्राणवायूचा मास्क, हाताला सलाईन, छातीला वायरी. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. अनघाने पर्समधून बिस्किटं काढून दोन खाल्ली, न आवडणारं औषध घ्यावं तशी. "आता माझी साखर उतरून चालणार नाही," म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण चावणं थांबलं नाही. तिच्याकडे बघून मला वाटलं, हिला कोण सांभाळणार म्हणून हे लोक चिंता करतात, आणि इथे सगळ्यांना सांभाळतेय ती हीच.

बऱ्याच वेळाने डॉक्टर लूसी बाहेर आल्या. "धोका टळतोय. ठोके नीट पडतायत, रंग परत येतोय. पण रात्रभर इथेच ठेवणार." मग आवाज चढवला, तो मला उद्देशून नव्हता, जगालाच होता. "या औषधाने रक्ताला प्राणवायू नीट वाहता येत नाही, ओठ निळे पडतात. अजून थोडं गेलं असतं तर झटके आले असते. वर ते पॉलिथिन, वर हे ऊन. शिकलेली माणसं! थोडं बरं, तर जास्त ते आणखी बरं, हा हिशेब यांना शिकवला कुणी?"

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. तांबेसाहेब उशीला टेकून बसले होते. पांढरा शर्ट खुंटीला, दवाखान्याचा ढगळ अंगरखा अंगात. मी त्यांना इतकं थकलेलं आधी पाहिलं नव्हतं. आणि इतकं हलकंही.

मी निघते म्हटलं, तर त्यांनी थांबवलं. "ताई, तुम्हाला वेड्यासारखं वाटलं असेल. सांगतो. ही लहान होती, तेव्हा सुई बघितली की घरभर पळायची. पलंगाखाली शिरायची. मी तिला ओढून काढायचो. मी पाय धरायचो आणि हिची आई टोचायची. रोज. सकाळ-संध्याकाळ. ती म्हणायची, बाबा सोड, बाबा आज नको. आणि मी सोडायचो नाही." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "तुम्ही ती ट्यूब दाखवलीत तेव्हा वाटलं, एकदा तरी हिला न दुखता सुई लागू दे. पण खरंच दुखत नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून आधी मी."

अनघा पलंगाच्या कडेवर बसली. तिने त्यांचा सलाईन नसलेला हात घेतला. कातडी अजून पांढुरकी, रबरासारखी होती. तिने चिमटा काढला. "लागतंय?"

"नाही."

"मग ऐक. मला ती सुई आठवत नाही, बाबा. कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही. पाय धरताना तुझे हात थरथरायचे, ते आठवतात. मला वाटायचं, याला माझ्यापेक्षा जास्त दुखतंय. म्हणून मग मी पळायची थांबले."

तांबेसाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर येऊन डॉक्टर लूसींच्या टेबलापाशी उगीच जुनी मासिकं चाळत बसले.

पुढे काही आठवड्यांनी ती दोघं परत आली. या वेळी तांबेसाहेबांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता आणि आल्याआल्या दोन्ही हात वर करून दाखवले, झडती देणाऱ्यासारखे. मला हसू आलं.

"लावा क्रीम," अनघा म्हणाली. "बाबासाठी."

मी तिच्या मनगटावर जागा आखली. काडेपेटीएवढी. बोटाच्या टोकावर मावेल तेवढं क्रीम घेतलं, पसरलं, वर कागद चिकटवला. तांबेसाहेब जवळ येऊन बघत होते. "एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं. "एवढ्यानेच होतं."

तासभर आम्ही तिघांनी गप्पा मारल्या. अक्षरं कोणत्या वळणाची असावीत यावर चर्चा झाली. तांबेसाहेबांनी कागदावर चार-पाच तऱ्हेने लिहून पाहिलं. कचेरीत वर्षानुवर्षं टिपणं लिहिलेला हात, अक्षर सुरेख, पण बारीक. अनघा म्हणाली, "मोठं काढ बाबा. मी रस्त्यात पडलेली असणार, वाचणारा उभा असणार." हे ती इतक्या सहज बोलली की त्यांच्या हातातलं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी मोठं काढलं. ठळक, सुटं, 'साखर'मधला 'ख' हा 'र' आणि 'व' असा वाचला जाऊ नये म्हणून खालून नीट जोडलेला. मी तेच अक्षर उचललं.

क्रीम पुसलं, जागा धुतली, कोरडी केली, कागदावरची अक्षरं छाप घेऊन कातडीवर उमटवली आणि मशीन सुरू केलं. तिचा हात टेबलावर शांत पडला होता. तांबेसाहेब तिच्या पलीकडे बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला, तिला धरावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं. तिनेच दुसऱ्या हाताने त्यांचं बोट पकडलं.

"दुखतंय?" 'म'ची काठी ओढून होताच त्यांनी विचारलं.

"कळतसुद्धा नाही."

क्रीम कातडी वरवर बधिर करतं. मनगटाची कातडी पातळ असते आणि शेवटच्या अक्षरांपर्यंत असर उतरायला लागतो, हे मला माहीत होतं. तिच्या पायाची बोटं चपलांत वळत होती तीही मला दिसत होती. मी रेघ चालू ठेवली. 'द्या' संपवलं, पुसलं, जखमेची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. तांबेसाहेबांनी चष्मा वर करून ती दोन ओळींची अक्षरं बराच वेळ वाचली. मग पहिल्यांदा, दार उघडं असताना, बाहेर झेरॉक्सवाल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "चांगलं ठळक आलंय."

स्वतःच्या हातावर काढायचं त्यांनी पुन्हा नाव घेतलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

माझ्या धंद्यात एक गोष्ट मनाला लागून राहते. आपण माणसाच्या अंगावर आयुष्यभराचं काही ठेवतो आणि ते माणूस दाराबाहेर गेलं की त्या अक्षरांचं पुढे काय झालं, ते कधीच कळत नाही. कुणाचं नाव टिकलं, कुणाचं झाकलं गेलं, कुणाचा वाघ ओघळला. हजारो रेघा मारल्या, पण पुढची हकिगत फार थोड्यांची कळली. अनघाची कळली, कारण काही वर्षांनी तांबेसाहेब स्वतः सांगायला आले. तेव्हा केस बरेच पांढरे झाले होते आणि हातात लग्नपत्रिका होती.

"दोन घरांनी नकार दिला," बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं. "एकांनी तोंडावर, एकांनी फोनवर. हात बघूनच. मी हिला म्हटलं, पुढच्या वेळी लांब बाह्यांचं घाल. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

"मग?"

"मग हे तिसरं स्थळ. विरारचं. मुलाची आई शाळेत शिपाई होती, आता घरीच असते. पोहे झाले, चहा आला. अनघा कप पुढे करत होती तेव्हा त्या बाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांनी ते वाचलं. एक-एक शब्द सुटा करून, मोठ्याने, सगळ्यांसमोर. 'मधुमेह. साखर. द्या.'"

तांबेसाहेबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत राहिले.

"मला वाटलं, झालं, आता उठायचं. तर त्या अनघालाच विचारतात, 'बाळ, मला उंचावरचं काढता येत नाही. तुझ्यासाठी साखरेचा डबा खाली ओट्यावर ठेवला, तर चालेल ना?'"